दिसलेला साप आणि न दिसलेला साप

आषाढाचे दिवस आहेत. लखनौच्या अलीगंजमध्ये दुपारभर कोसळलेला पाऊस दिवेलागणीला थांबला आहे. गटारं तुडुंब वाहताहेत, मोकळ्या प्लॉटवरचं गवत गुडघ्यापर्यंत आलं आहे. वीज गेलेली आहे. अशा वेळी एखाद्या घराच्या व्हरांड्यात, चपलांच्या मांडणीखालून, काळाभोर चकचकीत दोरा सरकावा तसं काहीतरी भिंतीच्या कडेनं पुढे जातं. त्याच्या अंगावर पांढऱ्या बारीक रेघा आहेत. घरातलं कुणीतरी ओरडतं, "करैत! करैत!" मुलं आत पळतात. आणि घरातल्या एकाला आठवतं की माकडं हाकलायला घेतलेली एअरगन कपाटावर पडून आहे.

हा प्रसंग कुणा एका घरचा नाही. पावसाळ्यात उत्तर हिंदुस्थानात, तसा कोकणात नि सह्याद्रीच्या पायथ्यालाही, तो कितीतरी घरांत घडू शकतो. बंदूक काढावी असं वाटणाऱ्या माणसाला वेड्यात काढणं सोपं आहे, पण बरोबर नाही. त्याच्या पाठीमागे मुलं असतात आणि समोर मृत्यू सरपटत असतो, निदान त्याला तसं वाटतं. काठी घेऊन जवळ जायचं धाडस होत नाही. छऱ्याची बंदूक मात्र लांबून काम करते. त्याला हवं असतं ते अंतर.

ते अंतर बंदूक खरोखर देते का, आणि साप चावून माणसं मरतात ती नेमकी कशी, हे दोन प्रश्न एकत्र ठेवून पाहिले की व्हरांड्यातल्या त्या माणसाने काय करावं याचं उत्तर मिळतं. या प्रकरणात तेच करायचं आहे.

अवधचे साप

अलीगंज गोमतीच्या उत्तर काठावर आहे. जुनं हनुमान मंदिर, ज्येष्ठातल्या बड्या मंगळवारांची गर्दी, कपूरथळ्याची बाजारपेठ, अक्षरांनी ओळखले जाणारे सेक्टर, आंचलिक विज्ञान नगरी अशी ही भरवस्ती आहे. पण वस्ती कितीही दाट झाली तरी तिच्या खालची जमीन गंगेच्या मैदानातली गाळाचीच. पूर्वेला कुकरैल नाला आणि त्याच्या वरच्या अंगाला कुकरैलचं राखीव जंगल आहे. नाल्याकाठचं गवत, रिकामे प्लॉट, बांधकामासाठी रचलेल्या विटा, उकिरडा आणि त्यावर पोसलेले उंदीर ही सापाच्या दृष्टीने उत्तम सोय आहे. साप शहरात येतो असं आपण म्हणतो; पुष्कळदा शहरच त्याच्या अंगणात आलेलं असतं.

भारतात साप चावून होणाऱ्या मृत्यूंना मुख्यतः चार जाती कारणीभूत धरल्या जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं कोरड्या, खडकाळ मुलखातलं; रत्नागिरी-सिंधुदुर्गाला त्याची चांगली ओळख आहे. लखनौच्या भागात काळजी करायची ती प्रामुख्याने नाग आणि मण्यारीची, आणि काही प्रमाणात घोणसीची. मण्यारीलाच उत्तरेत करैत म्हणतात.

मण्यारीच्या इतिहासात लखनौभोवतालच्या अवध प्रांताचं एक खास पान आहे. फ्रँक वॉल हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर आणि हिंदुस्थानातल्या सापांचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी १९०७ साली लखनौच्या पूर्वेला असलेल्या फैजाबादच्या नमुन्यांवरून मण्यारीची एक नवी जात नोंदवली. तो लेख छापला होता मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. वॉलची मण्यार म्हणून ती आजही ओळखली जाते. म्हणजे अवधात "करैत" हा एकच साप नाही, आणि दिव्याच्या उजेडात दोन्ही मण्यारी सामान्य माणसाला सारख्याच दिसणार.

त्याहून मोठी गफलत उलट्या बाजूची आहे. कवड्या नावाचा बिनविषारी साप पाली खायला घरात शिरतो आणि त्याच्याही अंगावर पांढरट पट्टे असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे सहसा मानेच्या बरेच मागे सुरू होतात, जोडीजोडीने येतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. तिच्या पाठीच्या मध्यावर षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ असते. हे वाचताना सोपं वाटतं. पण अंधारात, हलत्या टॉर्चमध्ये, छातीत धडधडत असताना खवले मोजायला कुणी जाऊ नये. धामणीचंही तेच. लांबलचक, चपळ धामण पाहून नाग आला म्हणून ओरड होते. ती पूर्ण बिनविषारी आहे आणि उंदीर हे तिचं मुख्य खाणं. अंगणातली धामण मारली की उंदरांवरचा एक मोठा पहारा उठतो, आणि उंदीर वाढले की त्यांच्या मागावर नागही येतो.

तेव्हा बंदूक हातात घेणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते: समोर नेमकं कोण आहे हे त्याला बहुधा माहीतच नसतं.

लखनौच्या डॉक्टरांचा हिशेब

साप मारून सर्पदंश कमी होतो का, याचा फार मोठा प्रयोग या देशात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्याचा एक धागा थेट लखनौशी जुळतो.

१८५७ च्या वेढ्यात लखनौच्या रेसिडेन्सीत जोसेफ फेरर नावाचे डॉक्टर होते. अवधचे तेव्हाचे ब्रिटिश मुख्य आयुक्त सर हेन्री लॉरेन्स यांनी अखेरचा श्वास घेतला तो याच डॉक्टरांच्या घरात, आणि त्या घराचे अवशेष आजही रेसिडेन्सीत दाखवले जातात. पुढे फेरर कलकत्त्याला गेले आणि तिथे त्यांनी हिंदुस्थानातल्या विषारी सापांचा अभ्यास हाती घेतला. "थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया" हा त्यांचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून त्यांनी १८६९ सालचे आकडे मागवले होते. आलेल्या आकड्यांची बेरीज झाली ११,४१६ मृत्यू. त्यांपैकी एकट्या अवध प्रांतातले १,२०५. साप चावून किती माणसं मरतात हे मोजायच्या या देशातल्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक होता.

विषारी साप मारून आणणाऱ्याला बक्षीस द्यावं, असा उपाय फेरर यांनी सुचवला. सरकारने बक्षिसं दिलीही. १८८० च्या दशकात वर्षाला दोन लाखांहून अधिक साप मारल्याच्या नोंदी आहेत. पण त्याच वर्षांतल्या सरकारी नोंदींत सर्पदंशाने मेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या आसपासच राहिला. लाखो साप मेले. माणसांचं मरण थांबलं नाही.

त्याचं कारण सापाच्या संख्येत शोधून सापडणार नाही. ते माणसाच्या जगण्यात आहे. भाताच्या शेतात अनवाणी पाऊल पडतं, जमिनीवर अंथरूण पसरलं जातं, रात्री उजेड नसतो, दवाखाना लांब असतो आणि मंत्र घालणाऱ्या ओझ्याचं घर जवळ. यातलं काहीही साप मारून बदलत नव्हतं.

आजची मोजणी हेच सांगते. देशभरातल्या मृत्यूंच्या एका विस्तृत अभ्यासावरून २०२० साली संशोधकांनी असा अंदाज मांडला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. सर्वाधिक भार वाहणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश आहे. त्याआधी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजात २००५ या एका वर्षातले उत्तर प्रदेशातले मृत्यू ८,७०० होते, सगळ्या राज्यांत जास्त. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका आहे: मेलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के माणसांचा मृत्यू दवाखान्यात झाला होता. बाकीचे दवाखान्याबाहेरच गेले.

छऱ्याचं गणित

आता कपाटावरच्या त्या बंदुकीकडे येऊ.

आपल्याकडे सहज मिळणारी एअरगन ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा उडवते. छऱ्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नसेल आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अशा बंदुकीला परवाना लागत नाही. २० ज्यूल ऊर्जेने निघालेला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने जातो. कागदावर हा आकडा मोठा दिसतो. माणसाचा डोळा कायमचा घालवायला तर याच्या कितीतरी कमी वेग पुरतो.

साप मात्र त्याने जागच्या जागी मरत नाही. सापाचं शरीर म्हणजे दोनशेहून अधिक मणके, त्यांना जोडलेल्या बरगड्या आणि त्यांवरचे स्नायू. त्यात एक बारीक भोक पडलं तर साप जखमी होतो, पिळवटतो आणि जवळच्या फटीत शिरतो. ती फट कपाटाखालची असते, पायऱ्यांतली असते, नाहीतर शेजाऱ्याच्या न्हाणीघराची. दोन मिनिटांपूर्वी डोळ्यांसमोर असलेला साप आता घरात कुठेतरी आहे, दुखावलेला आहे, आणि दिसत नाही.

साप तत्क्षणी निकामी करायचा तर छर्रा मेंदूत बसायला हवा. मण्यारीचं डोकं मानेहून फारसं रुंद नसतं, जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं. आतला मेंदू तर काही मिलिमीटरचा. त्यावर एअरगनची एक अडचण, जी नेमबाजांना चांगली ठाऊक असते. बंदुकीवर दुर्बीण बसवली तर ती नळीच्या वर चारएक सेंटिमीटर असते आणि नेम वीस-पंचवीस मीटरवर जुळवलेला असतो. तीच बंदूक तीन मीटरवरच्या वस्तूवर रोखली की छर्रा दुर्बिणीतल्या फुलीच्या तीनएक सेंटिमीटर खाली लागतो. दोन सेंटिमीटरच्या डोक्यावर नेम धरला तर छर्रा फरशीवर बसतो. शिवाय इतक्या जवळचं बहुतेक दुर्बिणींतून धूसर दिसतं. एका हातात टॉर्च, श्वास वर-खाली होतोय, आणि लक्ष्य हलतंय.

फरशीवर बसलेल्या छऱ्याचं पुढे काय होतं, हा सगळ्यांत गंभीर भाग आहे. काँक्रीट, कोटा, टाइल्स, विटांची भिंत यांवर आपटलेला छर्रा किंवा त्याचे तुकडे कुठल्याही कोनात उडतात. शिशाच्या छऱ्याऐवजी पोलादी गोळी असेल तर ती आणखी जोरात परत येते. व्हरांडा म्हणजे तीन बाजूंनी भिंती, आणि दाराआडून डोकावणारी मुलं. सापाने ज्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं, त्यांना छर्रा शोधत येतो.

आणि अंतराचं काय? साप झेप घेतो ती त्याच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत. दीड मीटरचा नाग फणा काढून उभा असला तरी दोन-अडीच मीटरवरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. आपण त्याच्यापासून तीन मोठी पावलं मागे असलो तर आपण सुरक्षितच आहोत, बंदूक असो वा नसो. आणि त्याहून जवळ असलो तर नेम धरायला वेळ नाही, तेव्हा करायचं काम एकच, मागे सरणं. बंदुकीने मिळणार असं वाटणारं अंतर आपल्या पायांत आधीपासूनच असतं.

मेल्यानंतरचा दंश

समजा छर्रा अचूक बसला, साप निपचित पडला. तरी गोष्ट संपत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराला प्राणवायू फार कमी लागतो. डोकं धडावेगळं झालं तरी जबड्याच्या नसा नि स्नायू बराच वेळ जिवंत राहतात, विषाची पिशवी भरलेली असते, आणि दाताला काही लागलं की जबडा मिटतो.

आसाममधल्या संशोधकांनी मेलेल्या सापांमुळे विषबाधा झाल्याच्या तीन घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवल्या आहेत. त्यांतल्या दोन नागाच्या, तर एक काळ्या मण्यारीची. एकात डोकं कापलेला नाग उचलून टाकताना अंगठ्याला दंश झाला. मण्यार तर मरून काही तास झाले होते. तिघांनाही दवाखान्यात उपचार घ्यावे लागले. म्हणून मेलेला साप हातात धरून फोटो काढणं, मुलांना दाखवायला शेपटीने उचलणं, हे कुणीही करू नये. टाकायचाच असेल तर लांब दांड्याच्या फावड्याने.

कायदा काय म्हणतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापाला संरक्षण दिलं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण हे साप पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. त्यातल्या प्राण्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, जखमी करणं, सापळा लावणं हेही त्यात येतं. "हत्यार" या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन बसतं. तेव्हा एअरगनला परवाना लागत नाही याचा अर्थ तिने साप मारायला मोकळीक आहे असा होत नाही.

कायदा माणसाच्या जिवाकडे पाठ फिरवत नाही. याच कायद्याच्या अकराव्या कलमात म्हटलं आहे की स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी, सद्हेतूने, वन्यप्राणी मारला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. पाळण्यात साप शिरला आहे आणि दुसरा मार्गच नाही, अशा क्षणासाठी ही तरतूद आहे. भिंतीच्या कडेने निघून जाणाऱ्या सापावर नेम धरून बसणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे, हेही त्यातून उघड होतं.

एअरगनचा प्रश्न सापापुरता नाही. अरुणाचल प्रदेशात पक्षी आणि लहान प्राणी यांची एअरगनने इतकी शिकार होत होती की २०२१ साली पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून राज्याने एअरगन परत करण्याची मोहीम सुरू केली. लोकांनी आपणहून दोन हजारांहून अधिक बंदुका सरकारजमा केल्या. हौसेची वाटणारी ही वस्तू रानाला किती महाग पडते, हे तिथल्या गावकऱ्यांनी ओळखलं.

साप दिसला तर

आता पुन्हा त्या व्हरांड्यात जाऊ. साप भिंतीच्या कडेने सरकतो आहे. काय करायचं?

पहिलं, तीन मोठी पावलं मागे. मुलं, म्हातारी माणसं आणि कुत्रं दुसऱ्या खोलीत; कुत्रं सापावर जातं आणि चावा ओढवून घेतं. दुसरं, नजर सापावर. एका माणसाने लांबून टॉर्च धरून उभं राहायचं आणि तो कुठे जातो एवढंच पाहायचं. तिसरं, बाहेर जायचा रस्ता मोकळा ठेवायचा. साप भिंतीचा आडोसा धरून जातो. दार उघडं असेल आणि गलका नसेल तर पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो. खोलीत अडकला असेल तर दार लावून घ्या आणि दाराखालच्या फटीत जाड कापड कोंबा.

मग फोन. लखनौत ११२ वर कळवलं की वनविभागापर्यंत निरोप जातो. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आपल्याकडे गावोगावी सर्पमित्र आहेत, पण बोलवायचा तो वनविभागाशी जोडलेला, जाड बूट घालणारा, आकडी नि पिशवी वापरणारा. सापाला गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला दारात उभं करू नका.

पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. त्यांचं ते धाडस कुणी गिरवायचं नाही, पण त्यातली शिकवण प्रत्येकाने घ्यायची आहे. साप मारायला किंवा पकडायला पुढे झालेला माणूस स्वतःहून ते तीन पावलांचं अंतर मोडतो.

न दिसलेला साप

इतका वेळ आपण दिसलेल्या सापाबद्दल बोललो. पण लोकांचे जीव जातात ते बहुतेक न दिसलेल्या सापामुळे.

मण्यारीचा दंश घ्या. ती निशाचर आहे. पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ती शिरते. झोपेत हात-पाय हलतो आणि ती चावते. तिचे दात बारीक असतात. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो. थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं अपचन झालं, लकवा आला. मण्यारीच्या विषातला एक घटक नसांची टोकंच उद्ध्वस्त करतो. श्वासाचे स्नायू थांबतात. एकदा ते नुकसान झालं की प्रतिविषाने ते भरून निघत नाही. रुग्णाला कृत्रिम श्वासावर कित्येक तास, कधी कित्येक दिवस ठेवावं लागतं, तोवर शरीर नव्या नसा जोडून घेतं. वेळेत व्हेंटिलेटर मिळालं तर असा माणूस पूर्ण बरा होऊन घरी जातो.

या साऱ्या घटनाक्रमात बंदुकीला कुठेच जागा नाही. साप दिसलेलाच नसतो.

इथे कामाला येतात अगदी साध्या वस्तू. नेपाळच्या आग्नेय तराईत केलेल्या एका अभ्यासात २००७ साली दिसून आलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी होतो. तराई लखनौपासून काही फार लांब नाही. साप तेच, पाऊस तोच. मच्छरदाणीची कड गादीखाली नीट खोचलेली असली की डास आणि मण्यार दोघांनाही मज्जाव होतो. शिवाय झोपायला खाट असेल तर उत्तमच. अलीगंजसारख्या वसाहतीत याची सर्वांत जास्त गरज बंगल्याच्या मालकाला नसते. ती असते बांधकामावर विटांच्या ढिगाशेजारी झोपणाऱ्या मजुराला आणि फाटकापाशी सतरंजी टाकणाऱ्या रखवालदाराला. एअरगनच्या किमतीत त्यांच्यासाठी कितीतरी मच्छरदाण्या येतील.

घराचं कामही असंच साधं आहे. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. न्हाणीघराच्या आणि पावसाच्या पाण्याच्या नळीला बारीक जाळी बसवा. विटा, लाकडं, भंगार भिंतीला टेकवून रचू नका. कूलरच्या मागची ओल आणि अडगळ पावसाळ्याआधी काढा. खरकटं उघड्यावर टाकू नका, म्हणजे उंदीर येणार नाहीत. कुंपणाजवळचं गवत कापा. अंधारात पाऊल टाकण्याआधी टॉर्च, आणि बूट पायात घालण्याआधी झटकून. लसूण, हळद, कार्बोलिक ॲसिड शिंपडून साप दूर राहतात या समजुतीवर मात्र विसंबू नका.

चावलाच तर

कुकरैल नाल्याबद्दल लखनौत एक जुनी समजूत आहे: कुत्रं चावलेल्याने त्यात अंघोळ केली की तो बरा होतो. साप चावल्यावर ओझ्याकडे नेणं हा त्याच जातीचा विश्वास. काही जण बरे होतात हेही खरं, कारण बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेलंच नसतं. पण ज्याच्या अंगात विष भिनलं आहे त्याचे मोलाचे तास तिथे वाया जातात.

करायचं एवढंच. धीर द्या. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीचा आधार द्या. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. साप पकडून न्यायची गरज नाही. भारतात वापरलं जाणारं प्रतिविष चारही मुख्य सापांवर चालणारं एकच असतं. डॉक्टर लक्षणं बघून आणि काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का हे पाहून उपचार ठरवतात. अलीगंजहून गोमती ओलांडली की चौक भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचं रुग्णालय आहे, जिथे कृत्रिम श्वासाची सोय मिळते. आपल्या घरापासून अशी जागा कोणती, हे पावसाळ्याआधीच ठाऊक असावं.

प्रतिविषालाही मर्यादा आहेत. ते ज्या विषापासून बनतं, ते तमिळनाडूतल्या इरुळा सर्पपकड्यांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था चार जातींच्या सापांपासून काढते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०१९ साली दाखवून दिलं की या चारांबाहेरच्या काही सापांच्या विषावर ते अपुरं पडतं. म्हणूनच वेळ वाचवणं अधिक महत्त्वाचं. नेपाळच्या त्याच तराईत गावातल्या मोटरसायकलस्वारांनी रुग्णांना तातडीने केंद्रावर पोहोचवायला सुरुवात केली, आणि दंश झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. एक मोटरसायकल आणि एक तयार शेजारी. फेरर यांच्या काळातल्या लाखो मेलेल्या सापांनी जे साधलं नव्हतं ते याने साधलं.

सरकारंही आता या दिशेने वळली आहेत. उत्तर प्रदेशाने २०१८ साली सर्पदंशाला राज्य आपत्ती ठरवलं आणि मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मदत देऊ केली. त्यासाठी शवविच्छेदन करून घ्यावं लागतं, हे दुःखाच्या घाईतही कुणीतरी लक्षात ठेवावं. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, यासाठी केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला.

अलीगंजच्या त्या व्हरांड्यात आता वीज आली आहे. समजू या की बंदूक कपाटावरून खाली आलीच नाही. कुणीतरी फाटक उघडून ठेवलं, कुणीतरी लांबून टॉर्च धरला, आणि काळी रेघ भिंतीच्या कडेनं गवतात उतरून गेली. साप गेला, पण रात्र अजून पुढे आहे. तेव्हा आत येऊन आधी दाराच्या फटीत कापड कोंबायचं, मुलांची अंथरुणं जमिनीवरून उचलून पलंगावर घालायची आणि मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचायची. मग टॉर्च घेऊन फाटकापर्यंत जायचं आणि रखवालदाराला विचारायचं, "आज तुम्ही कशावर झोपणार?"